आउटफिल्डर नुसता उभा असतो का?

तुमचा प्रश्न असा: "बेसबॉल बघताना मैदानाच्या टोकाला तीन जण नुसते उभे दिसतात. या आउटफिल्डर लोकांचं करिअर म्हणजे नेमकं काय असतं?"

२००३ मध्ये नोकरीनिमित्त सिॲटलला आलो तेव्हा मलाही हेच वाटायचं. ऑफिसातल्या एकाने मरिनर्सच्या, म्हणजे तिथल्या बेसबॉल संघाच्या, मॅचला नेलं. स्वस्तातली तिकिटं, राइट फिल्डच्या, म्हणजे आउटफिल्डच्या उजव्या भागाच्या, मागची. त्या भागाला तिथले लोक 'एरिया ५१' म्हणायचे, कारण समोर पाठमोरा उभा असायचा ५१ नंबरचा जपानी राइट फिल्डर इचिरो सुझुकी. पहिली वीस मिनिटं मला वाटलं, हा माणूस योगासनं करायला आलाय. दोन चेंडूंच्या मधे पाय फाकवून खाली बसायचा, एक खांदा आत दाबायचा, मग दुसरा. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, हात उचलला की मात्र सगळं थांबायचं आणि हा चवड्यांवर तयार. चेंडू त्याच्याकडे आला पाच-सहा वेळा असेल, पण प्रत्येक चेंडूला त्याची तयारी तीच.

आता थोडं तांत्रिक. तिघांत सेंटर फिल्डर सगळ्यात चपळ लागतो, त्याला सर्वाधिक जागा राखायची असते. राइट फिल्डरचा हात दणकट लागतो, कारण तिथून तिसऱ्या बेसवरचा थ्रो सगळ्यात लांबचा (बेस म्हणजे रन पुरा करायला क्रमाने गाठायचे टप्पे). समजा रनर, म्हणजे बॅटिंग करणाऱ्या संघाचा धावणारा, पहिल्या बेसवर आहे आणि राइट फिल्डला साधा सिंगल गेला, म्हणजे मारणाऱ्याला पहिला बेस मिळवून देणारा फटका. दुसरा बेस त्याला आरामात मिळतो, पण डोळा तिसऱ्यावर असतो, कारण तिथून पुढच्या उंच फटक्याचा झेल पकडला गेला तरी रन होऊ शकतो. धावायचं की थांबायचं, हे राइट फिल्डरच्या हातावर ठरतं.

११ एप्रिल २००१. इचिरोच्या अमेरिकेतल्या पहिल्या हंगामाचा दुसराच आठवडा, मॅच ओकलंडला. पहिल्या बेसवर टेरेन्स लाँग, चांगला पळणारा. राइट फिल्डला सिंगल गेला आणि लाँग तिसऱ्याकडे सुटला. निर्णय तसा चुकीचा नव्हता. इचिरोने धावत येऊन चेंडू उचलला आणि फेकला. तो जवळजवळ सरळ रेषेत थेट तिसऱ्या बेसवरच्या डेव्हिड बेलच्या ग्लव्हमध्ये. बेलला फारसं हलावंही लागलं नाही. लाँग आउट. अमेरिकेत आजही नुसतं 'द थ्रो' म्हटलं की चालतं. मी हा प्रकार नंतर व्हिडिओवर पाहिला, पण किती वेळा ते सांगत नाही.

खरी गंमत त्यानंतरची. रनर थांबायला लागले. जडेजाकडे चेंडू गेला की दुसरी धाव निघत असूनही बॅट्समन एकमेकांना 'नो, नो' ओरडतात ना, तसंच. आणि न धावलेला रनर स्कोअरकार्डात कुठेच दिसत नाही. आउटफिल्डरची निम्मी कमाई अशी न दिसणारी असते.

पण नुसत्या फिल्डिंगवर पोट भरत नाही. आउटफिल्डरने बॅटिंग करायचीच असते, आणि बऱ्याचदा त्यावरच त्याची जागा टिकते. इचिरो मूळचा उजवा. वडिलांनी लहानपणीच त्याला डावखुरी बॅटिंग शिकवली, कारण डावखुरा उभा राहतो तिथून पहिला बेस पाऊल-दोन पावलं जवळ पडतो. १९९२ मध्ये कोबेच्या ओरिक्स ब्लूवेव्ह संघात आला, तर प्रशिक्षकाला त्याची पाय झुलवत मारायची पद्धत पटेना. बराच काळ दुय्यम संघात गेला. १९९४ मध्ये नवे प्रशिक्षक आले, अकिरा ओगी. त्यांनी त्याला त्याच्या पद्धतीने मारू दिलं, आणि जर्सीवर आडनावाऐवजी 'इचिरो' लावलं, कारण जपानात सुझुकी म्हणजे आपल्याकडचे पाटील. त्या वर्षी त्याने २१० हिट (सुखरूप बेस गाठून देणारे फटके) मारले. तोवर जपानी लीगमध्ये एका हंगामात २०० कुणीच गाठले नव्हते.

अमेरिकेत पहिल्याच वर्षी २४२ हिट आणि एकाच हंगामात सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही मान. २००४ ला २६२ हिट. जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला. त्या वर्षी आमचा संघ ९९ मॅच हरला होता हो! तरी लोक यायचे, कारण राइट फिल्डला हा होता. सलग दहा वर्षं २०० च्या वर हिट, दहाही वर्षं फिल्डिंगचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार.

सगळ्यांचं असं होत नाही, हे ध्यानात ठेवा. बहुतेक आउटफिल्डर मायनर, म्हणजे खालच्या, लीगमध्ये बसच्या प्रवासात तरुणपण घालवतात आणि वरच्या लीगचं मैदान न बघताच घरी जातात. जे पोचतात त्यांचेही आधी पाय जातात. इचिरोलाही ते चुकलं नाही. २०११ मध्ये १८४ हिटवर अडकला. जुलै २०१२ मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या यँकीज संघाकडे पाठवलं, आणि नशीब बघा, यँकीज त्या दिवशी सिॲटललाच खेळत होते. म्हणजे त्याच मैदानात, फक्त समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये. पाठीवर ३१ नंबर. बॅटिंगला आला, लोक उभे राहिले, त्याने हेल्मेट काढून कमरेत वाकून नमस्कार केला. माझ्या शेजारचे आजोबा चष्मा पुसत बसले होते.

पुढे मायामीच्या संघात तो बराचसा राखीव आउटफिल्डर होता. बेंचवरून उठून खेळायचा, तरी २०१६ मध्ये ३००० वा हिट मारलाच. मार्च २०१९ मध्ये, ४५ व्या वर्षी, मरिनर्सच्याच जर्सीत टोकियोत निवृत्त झाला. अमेरिकेतले हिट ३०८९, जपानचे १२७८ वेगळे. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, त्याला ३९४ पैकी ३९३ मतं पडली. उरलेल्या त्या एका मतदाराला घरी बोलावून सोबत एखादा पेग घ्यायला आवडेल, असं तो म्हणाला.