‘पुढील आदेश होईपर्यंत’ काळ्या यादीत

प्रश्न: माझं एमआयडीसीत लोखंडी फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, चौदा कामगार आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांना 1,200 बाक पुरवायचं काम ई-निविदेतून मिळालं. 800 बाक वेळेत गेले, उरलेले 400 पाच आठवडे उशिरा. तपासणीत 63 बाकांच्या पायांची वेल्डिंग उकललेली निघाली. नोटीस आली. मी मुदतीत एकपानी खुलासा दिला, चूक कबूल केली, 63 बाक बदलून दिले. समोर बोलावून ऐकूनही न घेता दोन महिन्यांनी पत्र आलं: ‘सादर केलेला खुलासा समाधानकारक नसल्याने आपल्या संस्थेस पुढील आदेश होईपर्यंत काळ्या यादीत समाविष्ट करण्यात येत आहे.’ सुरक्षा अनामत जप्त झाली, शेवटचं देयक अडकलंय. आता एका महापालिकेनं मला टेक्निकल लिफाफ्यातच, म्हणजे दराचा लिफाफा उघडण्याआधीच, बाद केलं. निविदा भरून देणारे म्हणतात, बायकोच्या नावानं नवी फर्म काढा, नाहीतर शपथपत्रात काळ्या यादीच्या प्रश्नापुढे सरळ ‘नाही’ लिहा. कोर्टात गेलो तर अधिकारी कायमचे विरोधात जातील, हीही भीती आहे. काय करू?

उत्तर:

तुम्ही पाठवलेल्या कागदांपैकी आदेशाचं पत्र मी नंतर वाचलं. आधी नोटीस वाचली, आणि ती तीनदा वाचली. तिच्यात बाकांची संख्या आहे, उशिराचे दिवस आहेत, तपासणीची तारीख आहे. शेवटी लिहिलंय, ‘तरी आपणाविरुद्ध नियमानुसार पुढील कार्यवाही का करण्यात येऊ नये, याबाबतचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.’ एवढंच. ‘काळी यादी’ हे शब्द अख्ख्या नोटिशीत कुठेही नाहीत. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे.

‘पुढील कार्यवाही’ म्हणजे काय, हे तुम्हाला कसं कळावं? माल उशिरा गेला तर विलंबाचा दंड कापतात, सदोष निघाला तर बदलून घेतात किंवा देयकातून रक्कम वळती करतात. हे सगळं तुम्ही आणि जिल्हा परिषद या दोघांपुरतं असतं. काळी यादी तशी नाही. ती त्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर जाते आणि ज्यांच्याशी तुमचा कधी व्यवहारही झाला नाही, त्यांच्या दारात तुम्हाला अडवते. महापालिकेनं तुमचा दर उघडूनही पाहिला नाही, तो यामुळेच. सर्वोच्च न्यायालयानं हे 1974 सालीच ओळखलं होतं. पश्चिम बंगाल सरकारविरुद्धच्या इरुशियन इक्विपमेंट प्रकरणात न्यायालय म्हणालं की, सरकारशी व्यवहार करण्याची संधी काळ्या यादीमुळे हिरावली जाते, म्हणून नाव टाकण्याआधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडू द्यायलाच हवं. पुढे 2014 मध्ये दिल्लीच्या गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस प्रकरणात न्यायालयानं काळ्या यादीला ‘नागरी मृत्यू’ म्हटलं आणि नोटिशीत दोन गोष्टी हव्यातच असं बजावलं: आरोप काय आहेत, आणि त्यांसाठी कोणती शिक्षा योजली आहे.

जिल्हा परिषदेचे वकील काय म्हणतील तेही आत्ताच सांगते. ते निविदेच्या अटी उघडतील आणि ‘कसूर झाल्यास काळ्या यादीत टाकण्यात येईल’ या ओळीवर बोट ठेवतील. अट वाचून सही केली होती, मग वेगळं सांगायची गरज काय? याचं उत्तर नोव्हेंबर 2020 च्या यूएमसी टेक्नॉलॉजीज विरुद्ध फूड कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या निकालात आहे. निविदेत तशी अट असणं पुरेसं नाही. काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे हे नोटिशीत स्पष्ट लिहिलेलं हवं, किंवा निदान तिच्या मजकुरातून ते निःसंशय कळायला हवं. त्या प्रकरणात पाच वर्षांची बंदी एवढ्या एका कारणावर रद्द झाली. म्हणून नोटिशीसोबत आलेलं प्रत्येक सहपत्र पुन्हा तपासा. तपासणी अहवालाच्या तळाशी कुणी ‘काळ्या यादीची शिफारस’ असं लिहिलेलं असेल आणि ते पान तुम्हाला मिळालेलं असेल, तर आपली बाजू तेवढी हलकी होते. मला ते आजच कळलेलं बरं.

सुनावणीला समोर बोलावलं नाही, ही तुमची दुसरी तक्रार मात्र मी फार ताणणार नाही. तोंडी सुनावणी दर वेळी द्यावीच लागते असं नाही. 2001 च्या ग्रोसन्स फार्मास्युटिकल्स निकालात लेखी म्हणणं मांडण्याची संधी पुरेशी मानली गेली आहे. आपला मुद्दा वेगळा आहे. तुम्हाला संधी मिळाली ती भलत्याच गोष्टीवर बोलायची. काळ्या यादीची टांगती तलवार दिसली असती तर तुम्ही एकपानी माफीनामा धाडला नसता.

आता ‘पुढील आदेश होईपर्यंत’. सरकारी पत्रांत हे शब्द इतक्या सहज येतात की लिहिणाऱ्यालाही त्यांचं वजन जाणवत नसावं. पण चौदा घरांची चूल ज्या वर्कशॉपवर पेटते, त्याला ही मुदत नसलेली शिक्षा झाली. बंदी कायमची नसते, कसुराच्या गांभीर्यावर तिची मुदत ठरते, हे कुलजा इंडस्ट्रीज विरुद्ध बीएसएनएल या 2013 च्या निकालात ठरलं आहे. तिथे बिलांचे पैसे दुबार उचलल्याचा आरोप होता, तरी कायमची बंदी टिकली नाही. भुवनेश्वरमध्ये 2017 साली बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळून एकाचा जीव गेला, अकरा जण जखमी झाले. त्या ठेकेदाराची कायमची बंदीसुद्धा सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये पाच वर्षांवर आणली. आणि व्हेटइंडिया फार्मास्युटिकल्स प्रकरण तर तुमच्या प्रकरणाचं जुळं भावंड वाटावं असं आहे. नोटिशीत काळ्या यादीचा उल्लेख नाही, आदेशात मुदत नाही. 2009 चा तो आदेश 2020 मध्ये रद्द झाला. इतक्या उशिरा आलात, म्हणून उच्च न्यायालयानं त्या कंपनीला परत पाठवलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. तरी तुम्ही थांबू नका. त्या कंपनीची मधली वर्षं कुणी भरून दिली नाहीत.

एवढं सगळं तुमच्या बाजूनं असताना एक कडू गोष्ट सांगणं भाग आहे. उच्च न्यायालय वेल्डिंग चांगली की वाईट हे ठरवत बसणार नाही. नोटीस सदोष म्हणून आदेश रद्द होईल, आणि त्याच निकालात बहुधा जिल्हा परिषदेला नव्यानं, नीट नोटीस काढायची मुभा मिळेल. त्या दिवशी 63 बाक पुन्हा तुमच्यासमोर उभे राहतील. तुमच्या फोटोंतला एक मी मोठा करून पाहिला. पाय आणि आडवा पाईप जिथे मिळतात, तिथे पूर्ण झाळ नाही, नुसता एक टाका मारून वरून पावडर कोटिंग केलंय. त्या बाकावर तिसरीचं पोर बसणार होतं. सरकारला वाईट पुरवठादार दूर ठेवता आला पाहिजे. हा अधिकार नसता तर शाळेत बाक मोडत राहिले असते आणि तोच ठेकेदार पुढच्या वर्षी पुन्हा आला असता. म्हणून ‘किरकोळ दोष होता’ हे वाक्य माझ्या अर्जात येणार नाही. 1,200 पैकी 63, म्हणजे सव्वापाच टक्के, हा आकडा येईल. ते का घडलं, पाळीवर कोण होतं, त्यानंतर तपासणीची कोणती पद्धत लावली, हेही येईल. चूक मान्य केली का, नुकसान भरून दिलं का, चौकशीत सहकार्य केलं का, आधी असं कधी घडलं होतं का, या गोष्टी शिक्षा ठरवताना पाहायच्या असतात, हेही कुलजा निकालातच आहे. यातल्या बऱ्याच तुम्ही आपणहून केल्या आहेत, फक्त त्यांचा कागद केला नाही.

उशिराचा मुद्दा वेल्डिंगपासून वेगळा ठेवा. पाईपचा पुरवठा थांबला होता, त्याबद्दल मुदतवाढ मागणारी दोन पत्रं तुम्ही दिली होती आणि दोन्हींवर आवक शिक्का आहे. प्रामाणिक मतभेदाला जागा असलेल्या साध्या करारभंगासाठी काळ्या यादीचं हत्यार उगारू नये, असं ऑगस्ट 2024 मध्ये ब्लू ड्रीम्झ विरुद्ध कोलकाता महापालिका या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे. उशीर त्या घरात बसतो. वेल्डिंग सरळसरळ बसेलच, असं मी म्हणणार नाही.

बायकोच्या नावानं फर्म? नाही. केंद्र सरकारच्या 2 नोव्हेंबर 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत बंदी घातलेल्या फर्मच्या प्रभावाखाली चालणाऱ्या, तेच व्यवस्थापन असलेल्या संस्थांना ‘संलग्न फर्म’ धरलं आहे. तेच वर्कशॉप, तीच वीजजोडणी, तेच कामगार आणि पाटीवर नवं नाव, हे कुणाच्याही लक्षात येईल. आज एक नाव यादीत आहे, उद्या दोन होतील, आणि दुसरं तुमच्या पत्नीचं असेल. त्यांनी आयुष्यात एक निविदा भरलेली नाही. त्यांना यात ओढू नका.

शपथपत्राचंही तसंच. मात्र त्या ओळीचे शब्द नीट वाचा, ते प्रत्येक निविदेत सारखे नसतात. कुठे ‘आज रोजी काळ्या यादीत नाही’ असतं, कुठे ‘गेल्या तीन वर्षांत’, कुठे ‘कधीही’. विचारलंय तेवढ्याचंच, पण खरं उत्तर द्या. आदेशाला स्थगिती मिळाली तर आदेशाची तारीख आणि स्थगितीची तारीख दोन्ही लिहून स्थगितीची प्रत जोडा. खोटं शपथपत्र हे बंदीचं नवं आणि याहून भक्कम कारण होतं, शिवाय फौजदारी गुन्हाही. आज तुम्ही एक चूक केलेले पुरवठादार आहात. ती सही केलीत तर फसवणूक करणारे ठराल, मग मीही फार काही करू शकणार नाही.

केंद्राचे नियम जिल्हा परिषदेला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण मोजपट्टी म्हणून मी ते न्यायालयासमोर ठेवीन. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मधल्या नियम 151 नुसार, खरेदीतल्या सचोटीची संहिता मोडणाऱ्यालाही खरेदी करणारी संस्था जास्तीत जास्त दोन वर्षं बाहेर ठेवू शकते. सरकारी कंत्राटाच्या कामात जीवित-वित्तहानी घडवल्याबद्दल किंवा भ्रष्टाचारासाठी गुन्हा सिद्ध झालेल्याला तीन वर्षांपर्यंत. बेमुदत बंदीला तिथे जागा नाही, मुदत संपली की ती आपोआप उठते. पुरवठादार मोजकेच असतील तिथे सुधारण्याचं लेखी आश्वासन घेऊन मार्ग काढावा, असंही 2021 च्या सूचना सांगतात. आपल्या राज्यात 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयानं आलेली खरेदीची नियमपुस्तिका आहे. तीही मी तुमच्या निविदेच्या अटींशी ताडून पाहीन.

आता काय करायचं ते. याच आठवड्यात माहिती अधिकारात अर्ज टाका. मूळ नस्तीतली (फायलीतली) टिपणी, तपासणी अहवाल आणि आदेशाला मंजुरी दिलेल्या अधिकाऱ्याची सही मागा. पत्रावर सही शिक्षणाधिकाऱ्यांची आहे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मान्यता होती का, हे टिपणीतच दिसेल. उत्तराला तीस दिवस लागतात, पण त्यासाठी आपण अडून राहणार नाही. सोबतच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आदेश मागे घेण्याचं निवेदन देऊ, पंधरा दिवसांची वाट पाहू. मग राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. तुमचा जिल्हा ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या. पहिल्याच तारखेला स्थगिती मागू, आणि ती लगेच मिळाली नाही तर निदान निकालाच्या अधीन राहून निविदा भरू देण्याची परवानगी. त्यासाठी येत्या दोन महिन्यांत ज्यांची मुदत संपतेय त्या निविदांच्या सूचना छापून ठेवा. ‘नुकसान होतंय’ या शब्दांपेक्षा समोरची तारीख न्यायाधीशांना जास्त सांगते.

अडकलेलं देयक आणि अनामत याचिकेत घुसडू नका. तो पैशाचा वाद आहे, त्याची वाट वेगळी. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) पुरवठा आदेशाच्या आधीची आहे, त्यामुळे 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली, लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाता येईल. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. वादग्रस्त 63 बाक बाजूला ठेवून उरलेल्यांचं देयक वेगळं काढा.

अधिकारी नाराज होण्याची भीती मी उडवून लावणार नाही. तालुक्याच्या गावात रोज त्याच माणसांसमोर उभं राहायचं असतं, हे मलाही माहीत आहे. पण नाव यादीत असताना ते तुम्हाला काम देऊच शकत नाहीत, मग राखायची मर्जी कसली? याचिकेत आपण कुणाच्या हेतूवर शिंतोडे उडवणार नाही. नोटिशीतला दोष दाखवू आणि थांबू. अशा निकालानंतर तीच कार्यालयं त्याच माणसाकडून पुन्हा माल घेताना मी पाहिली आहेत.

भेटायला याल तेव्हा नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीट, मुदतवाढीची दोन्ही पत्रं आणि निविदेचा पूर्ण संच आणा. आणि त्याआधी एक काम करा. ज्या शाळांत 63 बाक बदलून दिले, त्या प्रत्येक शाळेत स्वतः जाऊन मुख्याध्यापकांकडून तारखेसह लेखी पोच घ्या. दिवाळीच्या सुट्टीआधी घ्या, नंतर बदल्यांचे आदेश निघाले तर सही करणारा माणूस सापडणार नाही.