उरलेले साठ जण

अनेक आशीर्वाद.

माजी छात्राध्यापकांच्या, म्हणजे शिक्षक व्हायचं शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्यांच्या, पाहणीवरचं तुझ्या प्रबंधातलं प्रकरण वाचलं. तक्ते नेटके आहेत. पण पहिल्याच पानावर ‘दहापैकी नऊ जण नोकरीत’ दिसलं आणि मी पेन्सिल उचलली. कुठले दहा? समज, शंभर जणांना फॉर्म गेले, चाळीस परत आले आणि त्यातले छत्तीस नोकरीत निघाले. मग उरलेल्या साठांचं काय? नोकरी नसलेला माणूस असले फॉर्म सहसा भरत नाही.

माझंही हेच झालं होतं. पहिल्या पाहणीत फॉर्म न आलेल्यांना फोन लावायला मार्गदर्शकांनी मला बसवलं. एक जण वैतागून म्हणाला, “अहो, सकाळी मी तासिका तत्त्वावर शिकवतो, संध्याकाळी क्लास घेतो. तुमच्या ‘आहे’ आणि ‘नाही’मध्ये मी खूण कुठे करायची?” प्रश्नावली नव्याने केली, महिना गेला. कायम, कंत्राटी, तासिका, बदली शिक्षक, खासगी क्लास, शिक्षणाबाहेरचं काम एवढ्या चौकटी तरी हव्यातच. शिवाय, शिकवायला मिळालेला विषय स्वतःचा आहे का, हेही विचार. गणितवाल्याच्या गळ्यात इतिहास पडला असेल, तरी तुझ्या तक्त्यात तो ‘यशस्वी’च.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे आकडे शेजारीशेजारी मांडलेस, ते काढ. ब्रिटनमध्ये पूर्वी पदवीनंतर सहा महिन्यांनी विचारत, 2017-18च्या तुकडीपासून पंधरा महिन्यांनी विचारतात. ऑस्ट्रेलियात पहिली विचारणा चार ते सहा महिन्यांतच होते, तीन वर्षांनी पुन्हा. शिक्षकांची भरती शाळेच्या वर्षाला बांधलेली असते. चौथ्या महिन्यात बेकार दिसणारा पुढचं वर्ष सुरू होताच वर्गात उभा असू शकतो. 2030पर्यंत जगाला 4 कोटी 40 लाख शिक्षक आणखी लागतील, हा युनेस्कोचा अंदाज प्रस्तावनेत घातलास. ठीक आहे, पण गरज असली म्हणून पद मंजूर होतंच असं नाही.

आता समाधान. ‘विद्यापीठाबद्दल आपण समाधानी आहात का?’ या प्रश्नाला माणूस बहुधा आपल्या नोकरीबद्दलच उत्तर देतो. ज्याला कायम जागा मिळाली त्याला प्राध्यापक आठवतात, ज्याला नाही त्याला फी आठवते. म्हणून सराव पाठ, पाठानंतर मिळालेलं मार्गदर्शन, वर्ग सांभाळायचं शिक्षण आणि नोकरी शोधताना झालेली मदत यांचे प्रश्न सुटे कर. आणि पदवीदानाच्या दिवशी विचारूच नकोस, त्या दिवशी सगळेच खूश असतात. चाळीस मुलांचा गोंगाट वर्षभर ऐकलेला माणूस सराव पाठांबद्दल वेगळंच बोलतो. माझ्या पाहणीत एकीने लिहिलं होतं: ‘पाठाचं टाचण काढायला शिकवलं, टाचण फसल्यावर काय करायचं ते नाही.’ पानभर तक्त्यापेक्षा मला ही ओळ जास्त उपयोगी पडली.

प्रकरण परत पाठवतोय. फॉर्म न आलेल्यांपैकी वीस जणांना आधी फोन लाव. रात्री नऊनंतर लाव, तोवर त्यांचे क्लास सुटलेले असतात.