ताप उतरवताना घाई करू नकोस

अगं, पहिल्या पावसाळी ड्युटीला डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) यांचे रुग्ण एकामागून एक येतील. १०३ दिसला की हात लगेच ओल्या फडक्याकडे जातो. आधी रुग्णाचे पाय चाचपून बघ. ते गार असतील, अंगावर काटा असेल, तर ताप अजून चढतोय. मेंदूनेच तापमानाची पातळी वर नेलेली असते. तेव्हा पुसलंस तर हुडहुडी वाढते, स्नायू आणखी उष्णता तयार करतात आणि प्राणवायूची गरजही वाढते. म्हणून तेवढ्यापुरती हलकी चादर दे.

हुडहुडी थांबून अंग तापलं की चादर काढ, पंखा लाव. आपल्या गोव्याच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, त्यामुळे वारा फार महत्त्वाचा. पुसायचं तर कोमट पाण्याने. कापरं भरलं की लगेच थांब. बर्फ, स्पिरिट अजिबात नको, मुलांना तर नाहीच.

पातळ पेज मीठ घालून, घोट घोट पाजत राहा. शहाळं मात्र लेप्टोत लघवी कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारूनच, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि लघवी कमी असली की ते अंगात साठतं. घामाने भिजलेले कपडे बदल, तोंड स्वच्छ कर.

डेंग्यूत ताप उतरला म्हणून घरच्यांना हायसं वाटतं. तू तेव्हाच जास्त सावध राहा. पोटात दुखणं, सतत उलट्या, गार पडलेले हात, हिरड्यांतून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर तक्त्यावर लिहीत बसू नकोस, आधी डॉक्टरांना बोलाव.