बोटीसाठी जुनं डिझेल इंजिन घेतलंस, तर हे ऐक

अरे, जुनं इंजिन वापरून कमी, पडून राहूनच जास्त खराब होतं. त्यातून आपला गोव्याचा पावसाळा! जूनआधी टाकी गळ्यापर्यंत भर. अर्धी रिकामी ठेवलीस तर आत दव धरून पाणी तळाशी बसतं, त्यावर शेवाळासारखा चिकट गाळ वाढतो आणि ऐन मांडवीच्या मुखाशी, लाटांत टाकी घुसळली की फिल्टर तुंबतो. मी भोगलंय ते. वॉटर सेपरेटरचा, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा, तळ महिन्यातून एकदा उघडून बघच. फिल्टर बदललास की डिझेलच्या लाइनीत अडकलेली एअर काढायची, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारत राहायचं.

इंजिन सुरू होताच आधी सायलेन्सरकडे बघ, इंजिन थंड करणारं समुद्राचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. पाणी उडत नसेल तर लगेच बंद कर. बहुतेक वेळा इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं पात्यांचं रबरी चाक, गेलेला असतो. पाती तुटली असतील तर तुकडे मोजून शोध, ते पुढे पाइपात अडकतात.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही: इंजिन लागत नाही म्हणून स्टार्टर मारत बसणार असशील तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद कर. नाहीतर सायलेन्सर भरून पाणी थेट सिलिंडरात शिरतं. इंजिन लागलं की लगेच उघड मात्र!

झिंक (इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजणारा जस्ताचा तुकडा), ऑइल वगैरे वेळच्या वेळी बदल.