चष्मा पर्समध्ये होता

“ऑपरेशन झ्याक झालं मॅडम, खरं माणूस पहिल्यासारखा राहिला नाही.”

आमच्या सीमाभागात ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. थोड्याफार फरकानं हे वाक्य मी वर्षातून कितीदा ऐकते याची मोजदाद नाही. माझ्याकडे समुपदेशनाला कधी निपाणीची मुलगी येते, कधी खानापूरचा भाऊ. हृदयाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वडील बरळायला लागले, ओळखेनात, नको ते बोलले. “वेड लागलं का? मशीनवर ठेवलं म्हणून डोकं गेलं का? आणि ते जे बोलले ते मनातलंच ना?” बहुतेकांना खरं तर हा शेवटचा प्रश्न विचारायचा असतो. तो ते शेवटी, उठता उठता विचारतात.

वडगावच्या एका विणकर घराची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

अण्णा सत्तरीच्या आतबाहेरचे, सगळी हयात मागावर गेलेली. बायपास झाली. दुसऱ्या रात्री आयसीयूत ते चादर चिमटीत धरून काहीतरी ओढायला लागले, गाठ मारायला लागले. सलाईन उपटली, म्हणून हात पट्टीनं सैलसे बांधावे लागले. सूनबाई दहा मिनिटांसाठी आत गेली आणि चमच्यानं पाणी पाजायला लागली, तर ओरडले, “ही बाई विष घालतीय!” चौथ्या दिवशी शांत झाले, दहाव्या दिवशी घरी आले. तोवर एका आत्याबाईंनी ‘बाहेरचं’ ठरवून सौंदत्तीच्या यल्लम्माला बोललेही होते.

तीन आठवड्यांनी मुलगा आणि सून माझ्याकडे आले. घरात त्या रात्रीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. सून अण्णांचं ताट स्वतः नेत नव्हती, नातवाच्या हातानं पाठवत होती.

“सहा वर्षं त्यांचं सगळं केलो मॅडम,” ती म्हणाली. “मनात असल्याशिवाय तोंडात येतंय काय?”

मी विवेकनिष्ठ विचारांच्या मुशीत घडलेली. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी मानते आणि पदोपदी पडताळते. तेव्हा तिला नीट समजावलं. हा डिलिरियम, वेड नव्हे आणि अंगात येणंही नव्हे. मोठं ऑपरेशन, भूल, वेदना, औषधं, ताप, रक्तातल्या क्षारांचा बिघाड, रात्रंदिवस जळणारे दिवे, तुटलेली झोप, या सगळ्यांनी मेंदूची घडी काही दिवस विस्कटते. तासाला माणूस बदलतो. संध्याकाळी, रात्री जास्त. तापात बडबडणाऱ्या मुलाचं बोलणं आपण मनावर घेतो का?

तिनं मान डोलावली. तिला पटलं होतं, आणि उपयोग शून्य झाला होता. पुढच्या आठवड्यातही ताट नातवाच्याच हातात.

तिसऱ्या खेपेला मी अण्णांनाही बोलावलं. माझा जुना आग्रह आहे, एका माणसाशी बोलून घर सुटत नाही. सून भिंतीकडच्या खुर्चीत बसली. मी अण्णांना विचारलं, “त्या रात्री तुम्हाला काय दिसत होतं?”

बरं वाटलं का, जेवण जातं का, गोळ्या घेता का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

“माग,” अण्णा म्हणाले. “समोर हिरव्या रेघा पळत होत्या. ताणा तुटला होता. मी जोडत होतो, खरं जुळेना. मालक ओरडतोय वाटायचं. कोणतरी येऊन कन्नडमधी विचारायचं, एल्लि इद्दीरि? कुठं हायसा म्हणून. मला कन्नड येतंय की, सगळा बाजार कन्नडमधी केलोय. त्या टायमाला उत्तरच सुचंना. मग हात बांधले. चोर शिरलेत वाटलं. मग एक बाई आली, तोंड बांधलेली.”

भिंतीकडून आवाज आला. “तोंड बांधलेली?”

“हिरवा झगा, डोक्यावर टोपी. तोंडच दिसंना.”

“अण्णा, चष्मा होता का तुमच्या डोळ्यावर?” मी विचारलं.

अण्णा आठवायला लागले. सून मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिली. मग म्हणाली, “चष्मा माझ्याजवळ होता. आत घेताना दात, चष्मा, अंगठी, सगळं काढून माझ्याकडं दिले. ह्याच पर्समधी होता.”

अण्णा तिच्याकडे वळले. “तू होतीस ती?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही नाही, अशा वेळी गप्प बसता येणं ही आमच्या कामातली अर्धी विद्या. मग अण्णा म्हणाले, त्या बाईवर ओरडलेलं आठवत होतं. ती कोण ते घरच्यांच्या चेहऱ्यांवरून नंतर उमगत गेलं, पण विचारायची लाज वाटली. म्हणून चहासुद्धा मागत नव्हते. आणि ही समजत होती की अजून राग आहे.

मी तिला आठवडाभर तर्कानं समजावत होते. तिला हवा होता एक साधा तपशील, की त्यांना तिचं तोंडच दिसलं नव्हतं. अर्थ बदलायचा तर आधी घटना पुरती माहीत हवी, हे मी त्या दिवसापासून पक्कं धरलंय.

आता मशीनबद्दल, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राबद्दल. मशीन न लावता केलेल्या बायपासनंतरही डिलिरियम होतो, तेव्हा खापर एकट्या मशीनवर फोडू नका. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२०१२) हृदयशस्त्रक्रिया झालेल्या साठीपुढच्या २२५ रुग्णांपैकी ४६ टक्क्यांना डिलिरियम झाला. सहा महिन्यांनी त्यांच्यातले ४० टक्के बुद्धीच्या चाचणीत पूर्वपदावर नव्हते; ज्यांना झाला नाही त्यांच्यातले २४ टक्के. म्हणजे ‘चार दिवसांत गेलं, विषय संपला’ असंही नाही. अण्णांचा भिशीचा हिशोब दोन महिने चुकत होता. मुलगा रोज परीक्षा घ्यायचा, “आज वार कुठला, सांगा बघू.” ती मी बंद केली. वार आपणच सांगायचा, सहज, बोलता बोलता.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना दारू, झोपेच्या गोळ्या, आधीचा विसरभोळेपणा, काहीही न लपवता सांगा. दारू लपवणारी घरं मी फार पाहिली. अचानक तुटलेली दारू हे बरळण्याचं स्वतंत्र कारण असतं. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी लवकरात लवकर परत लावायला मिळेल का, विचारा. भेटीला तीच एक-दोन माणसं जाऊ द्यात, आणि घरात बोलतो त्याच भाषेत बोला. भास खोडून काढत बसू नका, “मी आहे, तुम्ही दवाखान्यात आहात” एवढं पुरतं. दिवसा उजेड, रात्री झोप, आणि डॉक्टर म्हणतील तितकं लवकर उठून बसणं. घरातली जुनी झोपेची गोळी आपल्या मनानं देऊ नका. आणि ओरडणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण निपचित पडून राहणारा, हाकेला उशिरा ओ देणारा रुग्णही डिलिरियममध्ये असू शकतो. त्याला ‘शांत आहे बिचारा’ म्हणून सोडून देतात. तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं, तर मात्र तो लकवा असू शकतो. डॉक्टरांना त्या क्षणी बोलवा.

गेल्या महिन्यात अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. सूनबाईचा फोन आला.

“मॅडम, चष्म्याच्या डबीवर नाव घालून ठेवलो. मराठीत आणि कन्नडमधी.”