गोधडी ‘विणली’ म्हणतात का?

एका मैत्रिणीचा प्रश्न आलाय. गेला महिनाभर तिने सुईदोऱ्याचा नुसता सपाटा लावला होता, एक क्विल्ट, एक मफलर, उशांचे चार अभ्रे. महिन्याचा हिशोब लिहायला बसली आणि लिहून गेली की ‘एक गोधडी विणली’. घरातलं कुणीतरी ते वाचून हसलं. तिचं म्हणणं असं की सगळं सुई आणि धाग्याचंच काम आहे, मग हसायचं काय त्यात, आणि क्विल्टिंगला मराठीत नक्की म्हणायचं तरी काय?

तर हसणाऱ्याचं बरोबर आहे, गोधडी शिवतातच. पण का ते सुईकडे बघून कळत नाही, कारण सुई दोन्हीकडे आहे. माझी एक साधी युक्ती आहे, ती वस्तू मनातल्या मनात उसवून बघायची. अभ्र्याची शिवण उसवली तर हातात कापड उरतं, गोधडी उसवली तर कापडाचे थर सुटे होतात. मफलर उसवला तर? नुसती लोकर, कुरळी झालेली. म्हणजे जिथे कापड आधीच आहे आणि धागा ते फक्त जोडतो तिथे शिवणं, आणि जिथे धाग्याचंच कापड होतं तिथे विणणं. गंमत म्हणजे ‘उसवणे’ मात्र मराठीने दोन्हीला एकच ठेवलंय. (उसवण्यात माझा हात चांगला बसलाय, एकदा टोपीचा एक टाका सुईवरून सुटला तो वीस ओळी पुढे गेल्यावर दिसला.)

विणणे हा तसा मोठ्या पोटाचा शब्द आहे. मागावर उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड होतं तेही विणणं, आणि दोन सुयांवर एकाच धाग्याच्या फासातून दुसरा फास ओढत नेतात तेही विणणं. इंग्रजीत याला वीव्ह आणि निट असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यातला निट गाठ मारण्याच्या कुळातला. आपल्याकडे संदर्भावरून कळतं. पण ‘मला विणकाम येतं’ म्हटलं की लोकरच डोळ्यासमोर येते आणि ‘मी विणकर आहे’ म्हटलं की माग. एकाच धातूचे दोन शब्द, वापरात इतके लांब गेलेत. आणि क्रोशाला सुई एकच असली, तीही आकड्याची, तरी तेही विणणंच. साखळी, खांब, मुका खांब हे क्रोशाचे टाके, हे सगळं विणायचंच. (पक्ष्यांच्या विणीचा हंगाम असतो ती वीण मात्र वेगळी, ती व्याण्यातली, तिचा लोकरीशी संबंध नाही.)

टाका या शब्दाची पण अशीच मजा आहे. शिवताना टाका म्हणजे सुई कापडातून एकदा खाली-वर गेली की मागे राहतो तो दोरा. विणताना टाका म्हणजे सुईवर बसलेला फास, म्हणून तर आपण टाके घालतो, वाढवतो, कमी करतो, शेवटी बंद करतो, सुलट-उलट करतो. शिवणातला टाका कुणी ‘बंद’ करत नाही, तिथे गाठ मारतात. मशीनवर तर टाका शब्द फारसा येतच नाही, तिथे टीप मारतात.

आता शिवणे. हे दोन आहेत! एक सुईचं, ते संस्कृत सिव् वरून आलेलं, आणि एक स्पर्शाचं, शिवाशिवीतलं, ते प्राकृत छिव वरून. उच्चार एक झाला तरी व्याकरणाने दोघांना वेगळं ठेवलंय बघा: ‘तिने कापड शिवलं’ आणि ‘ती कापडाला शिवली’. पहिल्यात ‘तिने’, दुसऱ्यात ‘ती’. मला हे फार आवडतं.

क्विल्टिंगचं म्हणाल तर हा शब्द मुळात गादीचा, लॅटिनमधल्या कुलसिटा म्हणजे गादीवरून आलेला. वरचं कापड, मधला भराव, खालचं कापड असे तीन थर आणि ते तिन्ही धरून ठेवणारे टाके. नुसते रंगीत तुकडे जोडून वरचा थर तयार केला तर ते पॅचवर्क झालं, क्विल्ट अजून व्हायचाय. आपली गोधडीही थरांवर धावदोरा घालूनच होते, तेव्हा गोधडी म्हणायला माझी काही हरकत नाही. रजई-दुलई म्हटलं की भरलेल्या कापसाकडे लक्ष जातं, गोधडी म्हटलं की टाक्यांकडे. पॅचवर्कला कुणी कुणी ‘ठिगळकाम’ म्हणतात ते मात्र मला पटत नाही, ठिगळ भोकावर लावतात आणि इथे भोक नाहीचे. सरळ ‘तुकडे जोडले’ म्हणावं, किंवा पॅचवर्क, कुणाचं काही अडत नाही.

तेव्हा मैत्रिणीने असं लिहावं: एक गोधडी शिवली, एक मफलर विणला, चार अभ्रे शिवले. आणि अभ्र्यांवर फुलं काढली असतील तर ती ना शिवली ना विणली, ती भरली.