हनुवटीवरचे केस, डिसेंबरातलं लग्न आणि लेझरचं पॅकेज

प्रश्न : माझं वय २६. कोथरूडला राहते, हिंजवडीत नोकरी करते. डिसेंबरात लग्न आहे. हातापायांचं वॅक्सिंग नियमित करते, त्याचा काही त्रास नाही. पण गेल्या वर्षभरात हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला जाड काळे केस यायला लागलेत. आठवड्याला थ्रेडिंग करावं लागतं आणि नंतर पुटकुळ्या येतात. एका क्लिनिकमध्ये पूर्ण चेहऱ्याच्या लेझरचं ब्रायडल पॅकेज सांगितलंय, लग्नापर्यंत केस कायमचे जातील म्हणाले. आई म्हणते, रेझर लावलास तर दाढी येईल. मी काय करू? डागांसाठी मेडिकलमधून आणलेली क्रीम वर्षभर लावतेय, ती चालू ठेवली तर चालेल ना?

उत्तर : तुला एकेरीतच लिहिते, माझ्या पार्लरमध्ये तुझ्या वयाच्या मुली रोज येतात. तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

ती ट्यूब हातात घे आणि त्यावरची बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. ते महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावलं की त्वचा पातळ होते, लालसर होते, पुरळ येतं आणि केससुद्धा वाढतात. डागांच्या बऱ्याच क्रीममध्ये जोडीला ट्रेटिनॉइनही असतं. त्याने वरची त्वचा इतकी नाजूक होते, की वॅक्सच्या पट्टीबरोबर सालपटही निघून येतं. म्हणून चेहऱ्याला हात लावण्याआधी मी प्रत्येकीला विचारते, काय लावतेस? "काही नाही" हेच उत्तर येतं. रात्री झोपताना काय लावतेस विचारलं, की मग ट्यूबचं नाव कळतं. डागांची क्रीम हे औषध आहे असं कुणी धरतच नाही. दिव्याखाली गालावर बारीक लाल शिरांचं जाळं दिसलं, की मी दोरा खाली ठेवते आणि आधी डॉक्टरांकडे जाऊन ये म्हणते. तूही ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मनाने एकदम बंद करू नकोस, स्टिरॉइड अचानक सोडलं की चेहरा भडकतो. कशी कमी करायची ते डॉक्टर सांगतील.

दुसरी गोष्ट, पाळीबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. ती लांबत असेल, वजन वाढलं असेल, पिंपल्स असतील, पोटाच्या मधल्या रेषेवर किंवा छातीवरही असेच जाड केस असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच दाखव. पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी निगडित हार्मोन्सचा बिघाड, असू शकतं, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोन्सचीही तपासणी करतात. पाळी वेळेवर येत असली तरी दाखव, कारण हनुवटीवर नव्याने आलेल्या जाड केसांमागे हार्मोन्स आहेत का, हे बाहेरून बघून मला किंवा लेझरवाल्या मुलीला सांगता येणार नाही. मूळ कारण तसंच राहिलं तर एकीकडे केस काढत राहायचे आणि दुसरीकडे नवे येत राहायचे. गोळ्या सुरू झाल्या तरी केसांवर फरक दिसायला सहा महिने लागतात, तेव्हा तपासणी लग्नानंतर करू असं म्हणू नकोस.

आता लेझर. मी लेझरच्या विरोधात नाही. जाड, काळ्या केसांवर ते चांगलं काम करतं, कारण केसातला काळा रंगच त्याचा प्रकाश शोषून घेतो आणि त्या उष्णतेने मूळ दुखावतं. पण एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात, म्हणून चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात. आता सप्टेंबर आहे. डिसेंबरपर्यंत तुझ्या तीन, फार तर चार होतील. "लग्नापर्यंत कायमचे" हे हिशेबातच बसत नाही. शिवाय केस बरेच कमी होतात, बारीक होतात, पण अधूनमधून पुन्हा बैठक घ्यावी लागते. हार्मोन्सचा त्रास असेल तर जास्तच.

आणि पूर्ण चेहरा कशाला? गालावरच्या मऊ लवेवर लेझर मारू नये. तिथे, विशेषतः जबड्याच्या कडेला आणि मानेवर, उलट जास्त केस आलेल्या बायका आहेत आणि हा दुष्परिणाम डॉक्टरांना माहीत असतो. पॅकेज विकणारे तो सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. करायचंच तर फक्त जाड केसांपुरतं, त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आधी छोट्या जागेवर चाचणी घेऊन. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला कुठलं मशीन वापरणार ते विचार. एनडी-याग किंवा डायोड सांगितलं तर ठीक. स्टिरॉइडने पातळ झालेल्या त्वचेवर मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको.

तोपर्यंत काय? रेझर. चेहऱ्याचा छोटा, एकाच पात्याचा, फक्त तुझा स्वतःचा. आईंना सांग, १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी दाढीचे केस मोजून-मापून पाहिले होते आणि वस्तऱ्याने ना जाडी वाढली, ना वेग. केसाचं टोक नैसर्गिकरीत्या निमुळतं असतं, पातं ते सपाट कापतं, म्हणून वाढताना हाताला खरखरीत लागतं एवढंच. मूळ त्वचेखाली असतं, तिथे पातं पोचतच नाही. पुटकुळ्या येतात त्या दोऱ्याने जाड केस त्वचेखाली तुटतो आणि बाहेर यायला वाट शोधतो म्हणून. लेझर घ्यायचं ठरलं तरी रेझरच चालतो, कारण थ्रेडिंग, वॅक्स, प्लकरने मूळच उपटलं तर लेझर मारायचं कशावर?

हातापायांचं वॅक्स तुला मानवतंय, ते बदलू नकोस. फक्त क्रम नीट लाव. आधी वॅक्स, मग मेंदी, नाहीतर मेंदीचा रंग फिका पडतो. हळदीच्या तीन-चार दिवस आधी उरक. ताज्या वॅक्सवर हळद चोळली की आग होते आणि डागही बसतात. भुवया दोन दिवस आधी. तुळशीबागेतून आणलेली नवी क्रीम, मैत्रिणीने सांगितलेलं नवं वॅक्स, असलं काही त्या आठवड्यात अंगाला लावायचं नाही.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे, आम्ही हडपसरला राहतो. शाळेत मुलं तिच्या पायांवरच्या केसांवरून चिडवतात. एवढ्यात वॅक्स करावं का?

उत्तर : ताई, आधी तिला काय हवंय ते विचारा, तुम्हाला आणि वर्गातल्या मुलांना काय वाटतं ते नंतर. तिला नको असतील तर बॅटरीवरचा ट्रिमर द्या. त्याने कापत नाही, दुखत नाही आणि ती स्वतः करू शकते. वॅक्सची मला या वयात घाई वाटत नाही. केस काढायची क्रीम आणायचीच असेल तर आधी हातावर थोडी लावून एक दिवस थांबा आणि पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका. तिच्यातला थायोग्लायकोलेट केस विरघळवतो, तो त्वचेलाही सोडत नाही. चिडवण्याबद्दल मात्र वर्गशिक्षिकांशी बोलाच. ते काम ट्रिमरचं नाही.

प्रश्न : वय ५६, बिबवेवाडी. पाळी गेल्यापासून हनुवटीवर पाच-सहा पांढरे राठ केस येतात. मधुमेह आहे. लेझर चालेल का?

उत्तर : पांढऱ्या केसात काळा रंगच नाही, त्यामुळे लेझरला तो दिसत नाही. पैसे घालवू नका. कायमचे घालवायचे असतील तर इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेने ते नष्ट करणं. हे रंगावर अवलंबून नसतं, पण वेळ लागतो आणि हात शिकलेला हवा. साखर ताब्यात आहे ना, हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण जखम भरायला तुम्हाला वेळ लागू शकतो. एवढं नको असेल तर खिडकीच्या उजेडात भिंगाच्या आरशात पाहून छोट्या कात्रीने त्वचेलगत कापा. उपटायचे असतील तर प्लकर स्पिरिटने पुसून घ्या, आणि जागा लाल होऊन दुखायला लागली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.